तास सोडलेला नांगर : शस्त्रक्रियेनंतर वृद्धांना होणाऱ्या भ्रमाचा इतिहास

६ ऑगस्ट १९५५. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाच्या अंकात ऑक्सफर्डचे डॉ. पी. डी. बेडफर्ड यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. भुलीचे वृद्धांच्या मेंदूवर होणारे अनिष्ट परिणाम हा त्याचा विषय. हा शोध ज्यातून सुरू झाला ते निरीक्षण प्रयोगशाळेतले नव्हते. वृद्ध रुग्णांचे नातेवाईक पुन्हापुन्हा एकच तक्रार घेऊन येत होते. ऑपरेशन झाल्यापासून आमचा माणूस पूर्वीसारखा राहिला नाही, असे ते सांगत. #इतिहास #धागा

जखम भरलेली असे, टाके निघालेले असत, शल्यविशारदाच्या वहीत शस्त्रक्रिया यशस्वी म्हणून नोंदलेली असे. घरी परतलेला माणूस मात्र बदललेला असे. वाचनात लक्ष नाही, नावे आठवत नाहीत, एरवी शांत असलेला स्वभाव चिडका झालेला. डॉक्टर म्हणत, वयोमानाने असे व्हायचेच. आपल्याकडे त्यासाठी 'म्हातारचळ' हा शब्द तयारच होता.

ही तक्रार खरी की भासमान, एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यात वैद्यकशास्त्राची पुढची साठ वर्षे गेली. त्याआधीची दोन हजार वर्षे ती वेगवेगळ्या नावांनी समोर येत होती, आणि प्रत्येक पिढी तिचे खापर नव्या गोष्टीवर फोडत होती.

शब्दापासून सुरुवात करू. 'डिलिरियम' हा शब्द लॅटिन आहे. 'लिरा' म्हणजे नांगरलेल्या शेतातली सरी. तिच्यापासून ढळणे ते 'डेलिरारे'. नांगराने तास सोडावा तसे मनाने आपली रेघ सोडणे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन ग्रंथकाराने आपल्या वैद्यकग्रंथात तापातल्या अशा अवस्थेसाठी हा शब्द वापरला. त्याच्या आधीच्या ग्रीकांनी या विकाराचे दोन चेहरे ओळखले होते : एक बडबडा, अस्वस्थ, अंथरुणातून उठून पळणारा 'फ्रेनिटिस', आणि दुसरा मलूल, झोपाळू, हाकेला उत्तर न देणारा 'लेथार्गस'.

आयुर्वेदाच्या संहितांत सन्निपातज्वराच्या लक्षणांत 'प्रलाप' आणि 'तंद्रा' शेजारीशेजारी येतात, ते काही योगायोगाने नव्हे. 'वातात बरळतो आहे' असे मराठी घरांत आजही म्हटले जाते, ते याच परंपरेतून आलेले. यातली तंद्रेची बाजू ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बरळणारा रुग्ण सर्वांना दिसतो; मुकाट पडून राहणारा रुग्ण 'गुणी पेशंट' ठरतो आणि नजरेतून सुटतो. ही चूक रुग्णालयांत आजही होते.

सेल्ससच्या ग्रंथात आणखी एक वाद नोंदलेला आहे. असा रुग्ण अंधारात ठेवावा की उजेडात? जुने वैद्य म्हणत, अंधारात. अंधाराने मन शांत होते. अस्क्लेपिआडीस म्हणे, उजेडात. अंधारच भीती निर्माण करतो. सेल्ससचा निर्णय व्यवहारी होता. दोन्ही करून पाहावे. अंधाराला भिणाऱ्यास उजेडात ठेवावे, उजेडाला भिणाऱ्यास अंधारात. हा वाद एकोणीस शतकांनंतर पुन्हा उभा राहिला, तो कसा ते पुढे येईलच.

शस्त्रक्रियेशी या अवस्थेचा संबंध सोळाव्या शतकात स्पष्ट होऊ लागला. फ्रान्सचा युद्धशल्यविशारद आम्ब्रोआज पारे याने जखमा, कोथ आणि भारी रक्तस्रावाच्या शस्त्रक्रिया यांच्या मागोमाग येणारा तात्पुरता भ्रम वर्णिला. तापातल्या बडबडीहून वेगळे काही घडते असा आग्रह धरणारा मोठा माणूस मात्र गियोम द्युपुत्रँ. पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयाचा हा मुख्य शल्यविशारद १८३० च्या दशकात युरोपभर गाजत होता. त्याने पाहिले की काही रुग्ण शस्त्रक्रियेनंतर ताप नसतानाही भरकटतात, पट्ट्या फाडून काढतात, मोडलेला पाय जमिनीवर टेकून चालू पाहतात आणि त्यांना वेदना जाणवत नाहीत. याला त्याने 'मज्जातंतूंचा भ्रम' म्हटले. त्याच्या मते भीती, वेदना, इतकेच काय पण अतीव आनंददेखील मेंदूला असा उलथवू शकतो. उपाय म्हणून तो अफूचा अर्क बस्तीतून देई.

त्यातले कित्येक रुग्ण बहुधा दारू अचानक तुटल्यामुळे भ्रमिष्ट झाले असावेत. तरी द्युपुत्रँचे म्हणणे महत्त्वाचे आहे, कारण तेव्हा भूल नव्हतीच. शुद्धीवर असलेल्या माणसावर सुरी चालत असतानाही हा भ्रम होत होता. पुढे शंभर वर्षे सारा दोष भुलीवर टाकण्यात आला, तेव्हा ही साधी गोष्ट विसरली गेली.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात विल्यम मॉर्टनने ईथरची भूल देऊन दाखवली. १८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबराला जेम्स सिम्प्सनने क्लोरोफॉर्म वापरात आणले. वेदनेवर विजय मिळाला. त्याबरोबर शस्त्रक्रिया लांबल्या, खोल गेल्या, आणि ज्यांच्यावर पूर्वी कोणी सुरी उचलली नसती अशा वयाचे रुग्णही टेबलावर येऊ लागले.

आता मृत्यूंची मोजदाद सुरू झाली. क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो की हृदय, यावर प्रचंड वाद झाला. त्याचे एक प्रकरण दख्खनमध्येच लिहिले गेले. निजामाच्या पैशावर १८८८ आणि १८८९ साली दोन 'हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग' बसले. दुसऱ्यासाठी 'लॅन्सेट'ने लंडनहून लॉडर ब्रंटन यांना धाडले. मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने झालेल्या या प्रयोगांत शेकडो प्राण्यांना क्लोरोफॉर्म देण्यात आले. टेबलावर कोण दगावतो हा तिथला प्रश्न होता. उठून घरी गेलेल्याचे पुढे काय होते, हे कोणत्याही आयोगाच्या कक्षेत नव्हते.

तो प्रश्न विचारला एका मनोविकारतज्ज्ञाने. जॉर्ज सॅव्हेज हे लंडनच्या बेथलेम या प्रसिद्ध मनोरुग्णालयाचे प्रमुख. ३ डिसेंबर १८८७ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांनी भुलीनंतर उद्भवणाऱ्या वेडावर लिहिले. शल्यविशारदाला जे रुग्ण पुन्हा दिसत नसत ते सॅव्हेज यांच्या दारात येत होते, हे इथे लक्षात घ्यावे. ज्या कारणाने तात्पुरता भ्रम होऊ शकतो त्याच कारणाने, मन मुळात नाजूक असेल तर, चिवट आणि कधी न उतरणारा विकारही जडू शकतो, असा त्यांचा निष्कर्ष. (पुढे याच सॅव्हेज यांनी व्हर्जिनिया वूल्फ यांच्यावर उपचार केले, पण ती वेगळी कथा.)

दरम्यान पॅरिसमध्ये एक चमत्कारिक पुरावा जमा होत होता, आणि तो भुलीशी जुळत नव्हता.

मोतीबिंदू. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात लिंगनाशावरील शलाकाकर्म आहे. त्यानंतर डोळ्यावर तुपाची पट्टी बांधून रुग्णाला उताणे निजवावे. ढेकर, खोकला, शिंक, थुंकणे, अंग कापणे टाळावे, आणि ही बंधने दहा दिवस पाळावीत, असे तिथे सांगितले आहे. अठराव्या शतकाच्या मध्यात फ्रान्सच्या जाक दाव्हिएलने बिंदू ढकलण्याऐवजी बाहेर काढण्याची पद्धत रूढ केली, तरी नंतरचे पथ्य फारसे बदलले नाही. दोन्ही डोळे बांधलेले, शरीर निश्चल, दिवसामागून दिवस.

१८६३ साली ज्यूल्स सिशेल या नेत्रतज्ज्ञाने मोतीबिंदू काढल्यानंतर कधीकधी उद्भवणाऱ्या 'एका विशेष प्रकारच्या वार्धक्यभ्रमा'वर निबंध लिहिला. पोटाला किंवा हाडाला हात न लावता, अगदी लहानशा शस्त्रक्रियेनंतर, म्हातारी माणसे रात्री उठून बसत, पट्ट्या ओढून काढत, आपण कुठे आहोत हे त्यांना उमगत नसे. पुढे अमेरिकेत याला 'काळ्या पट्टीचा भ्रम' असे नाव पडले.

१९५८ साली बोस्टनचे दोन मनोविकारतज्ज्ञ, एव्हरी वाइस्मन आणि टॉमस हॅकेट, यांनी या रुग्णांवर केलेला उपचार आज वाचताना जवळजवळ बाळबोध वाटतो. त्यांनी रुग्णाशी ओळख केली. नेमाने येऊन ते बोलत, वेळ, जागा आणि घडलेली घटना सांगत, कानावर येणाऱ्या आवाजांचा उलगडा करत. अंधारातल्या माणसाला एक ओळखीचा आवाज मिळाला आणि भ्रम ओसरू लागला. सेल्ससचा अंधार-उजेडाचा वाद अशा रीतीने पुन्हा चर्चेत आला.

आता बेडफर्डकडे परतू. त्यांनी भूल घेतलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या ११९३ रुग्णांची माहिती मागे जाऊन तपासली. सुमारे दहापैकी एका वृद्धात मानसिक ऱ्हास दिसत होता आणि तो टिकून राहिला होता. काही थोड्यांत तर पूर्ण स्मृतिभ्रंश. त्यांचा संशय भुलीच्या औषधांवर आणि शस्त्रक्रियेच्या वेळी उतरणाऱ्या रक्तदाबावर होता. त्यांच्या शिफारशी रोखठोक होत्या. वृद्धांवर निर्विवाद गरज असेल तेव्हाच शस्त्रक्रिया करावी. नंतर द्यायची औषधे सवयीने लिहून मोकळे होऊ नये.

सवयीची औषधे हा मुद्दा सहज ओलांडण्याजोगा नाही. त्या काळी लाळ आटवण्यासाठी आणि गुंगीसाठी शस्त्रक्रियेपूर्वी ॲट्रोपीन किंवा हायोसीन टोचण्याची रीत होती. ही दोन्ही द्रव्ये धोतऱ्याच्या कुळातली. धोतरा खाल्लेला माणूस कसा बरळतो, हवेतल्या नसलेल्या वस्तू कशा वेचू लागतो, हे दख्खनच्या खेड्यापाड्यांत कोणाला सांगावे लागत नसे. प्रवाशांना धोतरा चारून लुटणाऱ्यांच्या नोंदी ब्रिटिश दप्तरांत विपुल आहेत. तेच द्रव्य सूक्ष्म मात्रेत सत्तरीच्या माणसाला टोचून नंतर त्याला चळ का लागला याचे आश्चर्य करणे, हा वैद्यकाच्या इतिहासातला एक विसंगत प्रसंग म्हणावा लागेल. मेंदूतील ॲसिटिलकोलीन या संदेशवाहक द्रव्याचे काम ही औषधे अडवतात, आणि वृद्धांत ते आधीच तोकडे असते, हे स्पष्टीकरण पुढे आले.

बेडफर्ड यांच्या निष्कर्षाला आव्हान मिळाले तेही ऑक्सफर्डमधूनच. १९६१ साली सिम्प्सन आणि सहकाऱ्यांनी त्याच 'लॅन्सेट'मध्ये लिहिले की रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर तपासले असता भुलीमुळे स्मृतिभ्रंश झाल्याचा भरीव पुरावा सापडत नाही. पद्धतीच्या दृष्टीने त्यांची बाजू वरचढ होती. मागे वळून विचारलेल्या नातेवाइकांच्या आठवणींपेक्षा आधी-नंतरची मोजणी केव्हाही अधिक विश्वसनीय. परिणाम असा झाला की बेडफर्डचा लेख बाजूला पडला आणि नातेवाइकांची तक्रारही त्याच्याबरोबर बाजूला पडली.

ती परत आली हृदयाच्या वाटेने. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने उघड्या हृदयावर यशस्वी शस्त्रक्रिया केली होती. दहा वर्षांत अशा शस्त्रक्रिया नित्याच्या झाल्या आणि एक विलक्षण क्रम दिसू लागला. रुग्ण शुद्धीवर येई, दोन-तीन दिवस चांगला बोले, आणि मग एकाएकी भरकटे. १९६४ साली ब्लॅक्ली आणि स्टार यांनी त्यावर लिहिले. यातले अल्बर्ट स्टार म्हणजे कृत्रिम झडपेच्या जोडनावातले स्टार. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कॉर्नफेल्ड आणि सहकाऱ्यांनी बोट दाखवले ते खोलीकडे : अखंड दिवे, यंत्रांचा एकसुरी आवाज, तुकड्यातुकड्यांची झोप. रुग्णाला साध्या कक्षात हलवून झोपू दिले की तो बहुधा ताळ्यावर येई.

१९७२ सालची एक तुलना तर शाळेतल्या प्रयोगाइतकी सरळ आहे. एका अतिदक्षता विभागाला खिडक्या होत्या, दुसऱ्याला नव्हत्या. विल्सन यांनी दोन्हीकडच्या शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची नोंद ठेवली. बिनखिडकीच्या खोलीत ४० टक्के रुग्णांना भ्रम झाला, खिडकीच्या खोलीत १८ टक्क्यांना. ज्याला दिवस आणि रात्र कळत नाही त्याचा नांगर तास सोडतो, हे आकड्यांत लिहिले गेले.

तरी मूळ प्रश्न शिल्लक होताच. भ्रम येतो आणि जातो. पण माणूस कायमचा बदलतो का?

त्यासाठी १९९० च्या दशकात डेन्मार्कच्या याकोब मोलर यांच्या पुढाकाराने एक आंतरराष्ट्रीय अभ्यास उभा राहिला. साठ किंवा त्याहून अधिक वयाचे १२१८ रुग्ण, शस्त्रक्रिया हृदयाखेरीज इतर. शस्त्रक्रियेपूर्वी, एका आठवड्याने आणि तीन महिन्यांनी स्मरणशक्ती व लक्ष यांच्या चाचण्या. तुलनेसाठी शस्त्रक्रिया न झालेला गटही होता. निकाल १९९८ साली प्रसिद्ध झाला, पुन्हा 'लॅन्सेट'मध्येच. आठवड्याने २५.८ टक्के रुग्णांत घसरण, तुलनेच्या गटात ३.४ टक्के. तीन महिन्यांनी ९.९ टक्के, तुलनेत २.८.

बेडफर्ड यांनी त्रेचाळीस वर्षांपूर्वी, तोकड्या पद्धतीने, दहापैकी एक असेच म्हटले होते.

मात्र ज्यावर त्यांचा संशय होता ते आरोपी सुटले. प्राणवायूची कमतरता आणि उतरलेला रक्तदाब यांचा या घसरणीशी संबंध आढळला नाही. वय, भुलीचा कालावधी, कमी शिक्षण, दुसऱ्यांदा करावी लागलेली शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग यांचा सुरुवातीच्या घसरणीशी संबंध दिसला. तीन महिन्यांनंतरच्या घसरणीशी केवळ वयाचा. पुढे पूर्ण भूल आणि पाठीत सुई देऊन केलेली अर्धी भूल यांची तुलना झाली. २००३ मध्ये तीन महिन्यांनंतरच्या घसरणीत फरक दिसला नाही. २०२१ मध्ये खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांवरील मोठ्या चाचण्यांत भ्रमाच्या प्रमाणातही दिसला नाही. द्युपुत्रँ हसला असता.

हृदयाच्या बाबतीतही असेच घडले. २००१ साली अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठातून आलेल्या आकड्यांनी खळबळ उडवली : बायपासनंतर पाच वर्षांनी ४२ टक्के रुग्णांत बौद्धिक घसरण. दोष यंत्राला देण्यात आला. मग नेदरलँड्समध्ये यंत्राविना, धडधडत्या हृदयावर केलेल्या बायपासशी तुलना झाली आणि फरक जवळजवळ नाहीसा झाला. शस्त्रक्रिया न केलेल्या हृदयरुग्णांतही वर्षानुवर्षांत तशीच घसरण आढळली. म्हणजे यातला बराच भाग जुन्या, खराब झालेल्या रक्तवाहिन्यांचा होता. आज संशोधकांचे लक्ष शस्त्रक्रियेच्या आघाताने शरीरभर उठणाऱ्या दाहाकडे, आणि त्या दाहाला तोंड देण्याइतकी शिल्लक मेंदूत किती आहे याकडे आहे.

कारणांचा शोध असा अडखळत चालला असताना उपाय मात्र दुसऱ्याच दिशेने आला. अमेरिकेतील डॉ. शॅरन इनोये यांनी १९९० साली भ्रम चटकन ओळखण्याची एक छोटी चाचणी दिली. मुकाट पडून असलेला रुग्णही तीत सापडू लागला. १९९९ साली त्यांनी सत्तरीपुढच्या ८५२ अंतर्रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. औषध कोणतेच नवे नव्हते. चष्मा आणि कानयंत्र जवळ ठेवणे, पाणी पाजणे, उठवून चालवणे, तारीख-वार सांगणे, रात्री गरम दूध देऊन पाठ चोळणे आणि आवाज कमी करणे. भ्रमाचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ वर आले. हे रुग्ण शस्त्रक्रियेचे नव्हते. पण २००१ साली बोस्टनला खुब्याच्या १२६ रुग्णांना वृद्धरोगतज्ज्ञांची देखरेख देऊन पाहिली, तेव्हा प्रमाण ५० टक्क्यांवरून ३२ वर उतरले.

या साऱ्यात घरच्या माणसांचे स्थान काय होते? १९९८ चा तो मोठा अभ्यास केवळ चाचण्यांच्या गुणांवर उभा होता. आकडा घसरला तर घसरण, नाही तर नाही. रुग्णाला स्वतःला किंवा त्याच्या पत्नीला काय वाटते, याला व्याख्येत जागा नव्हती. २०१८ साली लिस्बेथ एव्हरेड आणि अनेक देशांतील तज्ज्ञांनी या विकारांची नावे नव्याने ठरवली. महिनाभरातली घसरण म्हणजे लांबलेली पूर्वस्थिती. महिन्यापुढे वर्षापर्यंत टिकली तर शस्त्रक्रियोत्तर बौद्धिक विकार. ही शिफारस एकाच वर्षी अनेक नियतकालिकांनी छापली. त्यात निदानासाठी चाचणीतील घसरणीबरोबर आणखी एक अट घालण्यात आली : रुग्णाने, त्याला ओळखणाऱ्या कुणीतरी, किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरने बदल झाल्याची तक्रार केलेली असावी.